शोशना आंटींचा हिरवा शुक्रवार

आमच्या टोरांटोच्या बिल्डिंगमध्ये अशी बातमी होती की नवव्या मजल्यावरच्या शोशना आंटी बाथटबमध्ये दारू गाळतात.

बातमी प्रभा काकूंची. प्रभा काकू चौथ्या मजल्यावर राहतात. काहीही सांगायचं असलं की त्या आधी श्वास आत ओढतात, मग दाराकडे बघतात, मग बंद असलेलं दार पुन्हा एकदा लावून येतात. "स्वाती, तुला म्हणून सांगते हं," त्या माझ्या आईला म्हणाल्या. "मी हात धुवायला त्यांच्या वॉशरूममध्ये गेले. टबाचा पडदा जरा बाजूला केला. म्हणजे मी नाही केला, झाला तो. आत ही एवढी बरणी! त्यात काळंकाळं, फुगलेलं. तोंडाला फडकं बांधलेलं. आणि आदल्याच दिवशी ही बाई मला दारूच्या दुकानातून बाहेर पडताना दिसली होती, खाकी पिशवी छातीशी धरून. मी काही बोलत नाही. तूच बघ काय ते."

आई म्हणाली, "अहो, पण सत्तरी उलटली त्यांची."

"म्हणूनच तर! संशय कोण घेणार?"

दोन दिवसांत बातमी लॉन्ड्री रूममध्ये पोचली. तिथे ड्रायरला टेकून उभ्या असलेल्या एका पंजाबी आंटींनी ती हिंदीत घेतली, आणि हिंदीत ती आणखी तगडी झाली. "सुना है पूरे स्कारबरो में सप्लाय है." मी हे सगळे आवाज उचलले आणि आठवडाभर जेवताना करून दाखवले. आई पोट धरून हसायची आणि मग गंभीर होऊन म्हणायची, पुरे आता.

खरं काय ते ऐका. बरणीत काळे मनुके होते, पाण्यात भिजत घातलेले. शोशना आंटी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. माहेर रेवदंड्याचं, सासर माझगावातलं. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्यांचा शब्बाथ, म्हणजे शनिवार संध्याकाळपर्यंत काम न करायचा वार, सुरू होतो. तेव्हा दिवा लावायचा आणि आशीर्वाद म्हणून एक घोट प्यायचा. बाकीचे ज्यू तो वाइनचा पितात. आंटींच्या माणसांकडे कोकणात वाइन कुठून असणार? म्हणून मनुके भिजवायचे, कुस्करायचे, गाळायचे आणि ते सरबत प्यायचं. एरवी त्यांना वाटीभर मनुके पुरतात. या वेळी बरणीभर लागले, कारण घरी पार्टी होती, आणि बरणी टबात गेली कारण ओट्यावर जागा नव्हती.

दुकानातली खाकी पिशवी मात्र खरी. तिच्यात आयरिश व्हिस्की होती. तीही आंटींसाठी नव्हती. मॉरीनसाठी होती.

मॉरीन आंटींच्या अगदी समोरच्या दारात राहायची. वय ऐंशीच्या पुढे, केस पांढरे, आवाज असा की लिफ्टमध्ये बोलली तर पार्किंगमध्ये ऐकू यावं. तिला आंटी म्हटलेलं चालायचं नाही. "आय अ‍ॅम नोबडीज आंटी, डार्लिंग." म्हणून मीही तिला नुसती मॉरीन म्हणते. ती आंटींना शॉना म्हणायची. आंटींनी सुरुवातीला तिला बरोबर नाव शिकवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "शॉना तर शॉना," त्या म्हणायच्या. "निदान स्पेलिंग तरी विचारत नाही."

हे वाक्य त्या उगाच म्हणायच्या नाहीत. शोशना आंटींना या शहरात सगळे काही ना काही विचारतातच. उत्तर टोरांटोच्या मोठ्या सिनेगॉगमध्ये त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा शेजारच्या बाईने गोड हसून विचारलं, "तुम्ही धर्म कधी बदललात?" आंटी म्हणाल्या, "आम्ही नाही बदलला बाई. तुम्ही कधी बदललात?" मग त्या फारशा गेल्या नाहीत. मराठी मंडळात गेल्या तर एकीने कौतुकाने सांगितलं, "किती छान मराठी बोलता हो तुम्ही!" आंटी म्हणाल्या, "तुम्हीही." तिकडेही मग फारशा गेल्या नाहीत. नवरा, अब्राहम अंकल, होते तोवर घरात बोलायला कोणी होतं. ते गेले. मुलगा इतामार विनिपेगला असतो. रविवारी त्याचा फोन येतो, तो एका दमात म्हणतो, "हायमम्मीऑलगुड?" आणि आंटी म्हणतात, "ऑल गुड म्हणजे काय रे? एखादं तरी बॅड विचार."

मॉरीनने त्यांना काहीच विचारलं नव्हतं. आंटी राहायला आल्या त्या दिवशी समोरचं दार उघडलं, आणि हिरव्या गाऊनमधली ही बाई म्हणाली, "हॅव यू गॉट अ स्क्रू-ड्रायव्हर?" आंटींकडे होता. तिथून एकोणीस वर्षं.

या एकोणीस वर्षांत दोघी किती भांडल्या ते नवव्या मजल्याला विचारा. आणि भांडण एकाच गोष्टीवर: कोण काय खात नाही.

मॉरीन दर सतरा मार्चला तिच्याकडे सेंट पॅट्रिक्स डेची पार्टी द्यायची. आयरिश लोकांचा सण तो. हिरवे कपडे, हिरव्या कागदाच्या माळा, गाणी, आणि पिणं. तिच्या घरचं मांस आंटींना चालायचं नाही, तिची भांडीही चालायची नाहीत. मग आंटी जायच्या ती आपली कागदी प्लेट घेऊन, आणि तिच्यात घरी सालासकट उकडलेला एक बटाटा. सोफ्याच्या टोकाला बसून, मीठ लावून, शांतपणे तो बटाटा खायच्या. मॉरीन भर पार्टीत ओरडायची, "ऑल दीज इयर्स, शॉना, अँड यू स्टिल थिंक आय विल पॉयझन यू!"

"पॉयझन नो," आंटी म्हणायच्या. "पोर्क, येस."

उलट बाजूने मॉरीनचं लेंट. ईस्टरच्या आधीचे ते उपासाचे आठवडे, त्यातल्या शुक्रवारी ती मांसाला शिवायची नाही. बिशपने सूट दिली तरी घ्यायची नाही. "बिशपला माझी आई माहीत नव्हती," असं ती म्हणायची. आणि शुक्रवार म्हणजे नेमका आंटींचा मटण शिजवायचा दिवस. दुपारी मसाल्याचा वास कॉरिडॉरमध्ये गेला की मॉरीन आपल्या दारात उभी राहायची, डोळे मिटून नाक वर करायची, आणि म्हणायची, "यू विकेड, विकेड वुमन."

"कम ऑन सॅटरडे," आंटी आतून ओरडायच्या.

"सॅटरडेला तू ते गार करून देतेस!"

"सॅटरडेला मी गॅस लावत नाही, हाऊ मेनी टाइम्स टेल यू!"

मला यातलं प्रत्येक वाक्य दोन्ही आवाजांत येतं. सांगायचं एवढंच की दोघींनी एकमेकींसाठी आपला नियम कधीही, एकदासुद्धा मोडला नाही. आणि त्याचा दोघींना अभिमान होता.

नोव्हेंबरमध्ये मॉरीन बाथरूममध्ये पडली. खुबा मोडला. हॉस्पिटलमधून तिला तिच्या मुलाने परस्पर शहराबाहेर, ऑशवाच्या एका सीनियर्स होममध्ये नेलं. मुलगा केव्हिन, तिथेच जवळ व्हिटबीला राहतो. मोठा माणूस, लहान आवाज. त्याचं प्रत्येक वाक्य "सो, या" वर येऊन विरून जातं. "जस्ट फॉर द विंटर," तो आंटींना म्हणाला. "अपार्टमेंट मार्चपर्यंत ठेवतोय. मग बघू. सो, या..."

"बघू म्हणजे काय बघणार?" तो गेल्यावर आंटी मला म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बहुतेक संध्याकाळी जाते. आईला यायला उशीर होतो आणि आंटींकडे खायला असतं. त्या मला पोपट म्हणतात. "पोपटे, त्या पोराला वाटतं त्याची आई संपली. एकदा पडली की माणूस संपतो असं या लोकांना वाटतं. त्याला काही बघायचंय ना? मी दाखवते."

तेव्हा त्यांनी ठरवलं की या वर्षी पार्टी आपल्याकडे. मॉरीनला केव्हिनने आणायचं. ती चालेल, हसेल, खाईल, गाईल. समोरच्याच दारात तिच्या घराची किल्ली असलेला माणूस आहे हे केव्हिनला दिसेल. मार्चअखेर जागा सोडायचा त्याचा विचार गळून पडेल. आंटींनी हे मला भाजी निवडता निवडता इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं खरंच सोपं आहे. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "समोर दुसरं कोणी आलं तर मी काय त्यांच्याशी ओळख करून घेत बसू? या वयात?"

तयारी फोनवर झाली. मॉरीन ऑशवाहून सोडा ब्रेडची कृती सांगायची, फोन स्पीकरवर, आणि मी तो कणकेपासून लांब धरून उभी.

"बटरमिल्क," मॉरीन सांगायची. "टू कप्स."

"नो बटरमिल्क," आंटी. "मटण आहे टेबलावर. दूध नाही."

"शॉना, इट्स सोडा ब्रेड! बटरमिल्कशिवाय तो सोडा ब्रेड नाही, ती वीट आहे!"

"कोकोनट मिल्क घालते. लिंबू पिळून."

फोनमधून, "माय मदर इज वीपिंग इन हेवन."

"टेल हर टू कम फॉर पार्टी."

आंटींना मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून कोकणातल्या त्यांच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सगळं नारळाच्या दुधात केलंय. मग आयरिश पार्टीही नारळाच्या दुधात. व्हिस्की, कडक कॉफी, साखर आणि नारळाचं घट्ट दूध घालून आंटींनी जे केलं त्याला त्या आयरिश क्रीम म्हणत होत्या. स्वतः त्यांनी जिभेवर थेंबही ठेवला नाही, मला वास घ्यायला दिला आणि माझं तोंड बघून साखर वाढवली. न पिणाऱ्यांसाठी मनुक्यांचं सरबत. आणि मुख्य म्हणजे मटण. बाथर्स्ट स्ट्रीटवरच्या कोशर, म्हणजे ज्यूंच्या नियमाने कापणाऱ्या, खाटकाकडे जायला दोन बसा बदलाव्या लागतात. त्या थंडीत त्या गेल्या आणि आल्या. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, लसूण, नारळाचं दूध आणि भरपूर बटाटे. "त्यांना स्ट्यू हवं ना? हे स्ट्यू. त्यांना हिरवं हवं ना? हे घ्या हिरवं."

सतरा मार्च शुक्रवारी येत होता. आंटींनी शुक्रवारचा पुरेपूर विचार केला. पार्टी दुपारी तीनला, म्हणजे सूर्य मावळायच्या आत सगळं आवरून दिवा लावता येईल. स्वयंपाक सकाळीच. भांडी घासायला मी. सगळं त्यांनी शब्बाथच्या भोवती बसवलं. काय चुकलं ते मलाही कळलं नाही, आणि कॅलेंडर तर फ्रिजवरच होतं.

पार्टीला माझी आई हिरवी साडी नेसून आली. प्रभा काकूही हिरवी शाल घेऊन आल्या आणि आल्या आल्या हात धुवायला गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा पडलेला. टब कोरडा होता. मग केव्हिन आला आणि त्याच्यापुढे, वॉकर ढकलत, डोक्यावर हिरवी टोपी घालून, मॉरीन. लिफ्टपासून आंटींच्या दारापर्यंत ती कोणाचा हात न धरता चालत आली. आपल्या दाराकडे तिची पाठ होती. तिने मान वळवली नाही. "व्हेअर इज द विकेड वुमन?" ती ओरडली, आणि सगळे हसलो.

ती बसली. सोडा ब्रेड चाखला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली, "टेस्ट्स लाइक अ बीच." आंटी खूश. आयरिश क्रीमचे दोन ग्लास झाले. प्रभा काकूंनी सरबत समजून त्याचाच एक ग्लास घेतला, संपवला, आणि "हे मनुक्यांचं फारच छान झालंय हो" म्हणत दुसरा मागितला. मी हे कधीही विसरणार नाही.

मग आंटींनी पातेलं आणलं. झाकण उघडलं. त्या वासाने घर भरलं. त्यांनी पहिली वाटी मॉरीनसाठी भरली आणि केव्हिन, बिचारा, अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॉम. इट्स फ्रायडे."

आंटींच्या हातातला डाव तसाच राहिला.

मी त्यांना लिफ्टमध्ये अडकलेलं पाहिलंय, अब्राहम अंकलच्या फोटोला हार घालायला निघालेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवताना पाहिलंय. असा चेहरा नव्हता पाहिला. स्वतःचा शुक्रवार सांभाळता सांभाळता त्या तिचा शुक्रवार विसरल्या होत्या. ज्याच्यावरून एकोणीस वर्षं भांडल्या, तोच. "बटाटे आहेत," त्या मराठीतच म्हणाल्या. "बटाटे काढून... नाही, रस्सा लागलाय त्यांना... थांबा, मी नवीन उकडते..." आणि खिडकीकडे, सूर्याकडे बघायला लागल्या.

"ओ, हश," मॉरीन म्हणाली. "गिव्ह मी दॅट बोल."

तिने खाल्लं. सावकाश, चमच्याने, एकेक तुकडा. मिरचीने नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं. वाटी संपली तेव्हा नारळाच्या ब्रेडने पुसून घेतली आणि पुढे केली. "मोअर, शॉना. इट्स लव्हली."

आंटींनी दुसरी वाटी भरली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात. केव्हिनच्या डोळ्यांत पाणी, आणि त्याने मिरची खाल्लेली नव्हती. "ती तिकडे काहीच खात नाही," तो माझ्या आईला सांगत होता. "हे बघ. लुक अ‍ॅट हर. सो, या." मॉरीनने एक गाणं म्हटलं, लांबलचक, कोणीतरी बोटीत बसून कुठेतरी निघून जातं असं. प्रभा काकू, तीन ग्लासांनंतर, टेबलावर ठेका धरून होत्या. निघताना मॉरीनने आंटींचा चेहरा दोन्ही हातांत धरला, टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली, आणि म्हणाली, "लव्हली. एव्हरीथिंग वॉज लव्हली." मग लिफ्ट आली.

मी भांडी घासायला घेतली. ऊन अजून होतं. आंटी टोपी काढून, खुर्चीवर बसून, दिव्यात तेल घालत होत्या.

"आंटी, जमलं!" मी म्हणाले.

"काय जमलं?"

"अहो, दोन वाट्या! केव्हिन रडला. तो आता जागा सोडतोय कशाला. एप्रिलमध्ये मॉरीन समोर."

"तिने मटण खाल्लं," आंटी म्हणाल्या. "लेंटच्या शुक्रवारी."

"तेच तर! तुमच्यासाठी नियम मोडला."

"पोपटे, तुला आवाज येतात, अक्कल येत नाही." त्यांनी वात वर ओढली. "परत यायचं असतं ना, तर ती उभी राहून ओरडली असती. विकेड वुमन, इतकी वर्षं झाली, माझा शुक्रवार तुझ्या लक्षात राहत नाही? वाटी माझ्या अंगावर ढकलली असती. मला नवीन बटाटा उकडायला लावला असता आणि ईस्टरपर्यंत कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना सांगत फिरली असती. ती काय म्हणाली? लव्हली. ब्रेड पण लव्हली म्हणाली जाताना. त्या विटेला! ती पाहुण्यासारखी जेवली. पाहुण्याला काय, वाढाल ते गोड लागतं, त्याला घरी जायचं असतं."

"आंटी, तुम्ही ना, सगळ्यात वाईटच बघता."

"लाव पैज."

"लावते. मॉरीन परत येणार."

"नाही येणार. आणि हरलीस तर समोर जे कोण नवीन येतील त्यांच्याकडे तू जायचं. काहीतरी गोड घेऊन, दार वाजवून, वेलकम म्हणायचं. बिल्डिंगची रीत आहे, कोणीतरी जायला हवं. मी जाणार नाही. आणि ताट तुझ्या घरचं. माझ्या घरातून काही जाणार नाही."

"आणि मी जिंकले तर?"

आंटी जरा हसल्या. "तू जिंकलीस तर जे मागशील ते देईन." मग त्यांनी काडी ओढली, दिवा लावला, आणि डोळ्यांवर हात घेतले.

मी खरं सांगते, मला पैज जिंकल्यातच जमा वाटत होती. काय मागायचं याचा मी विचारसुद्धा करत होते.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी मी शाळेच्या कामावरून परत आले तर खाली ट्रक उभा. नवव्या मजल्यावर मॉरीनचं दार सताड उघडं, आतून खोके बाहेर येत होते, केव्हिन घामाघूम. मी त्याला विचारलं. म्हणजे विचारलं कसलं, भांडायलाच गेले. म्हणाले, "तुझ्या आईला विचारलंस तरी का?"

तो खोक्यावर बसला. "इट वॉज हर आयडिया," तो म्हणाला. "जानेवारीतच म्हणाली, केव्हिन, जागा सोड, मला आता तिकडेच बरं वाटतंय. तिकडे गाण्याचा ग्रुप आहे. रात्री कोणीतरी असतं. मीच म्हणालो मार्चपर्यंत थांबू, कदाचित तिचं मन बदलेल. पार्टीच्या दिवशी मला वाटलं बदललं. गाडीत बसल्यावर विचारलं तर म्हणाली, नो." तो समोरच्या बंद दाराकडे बघत राहिला. "तिला शॉनाला सांगायला जमत नव्हतं. मला म्हणाली तू सांग. मलाही जमलं नाही. सो, या..."

हे सांगायचं काम मग माझ्यावर आलं.

आंटी पासओव्हरची साफसफाई करत होत्या. त्या सणाला घरात पीठ, पाव काही ठेवायचं नसतं. सोडा ब्रेडचा उरलेला मैदा त्यांनी आमच्याकडे द्यायला बांधून ठेवला होता. स्टुलावर चढून वरचं कपाट पुसत होत्या आणि शनिवार असूनही पुसत होत्या, यावरूनच मला कळायला हवं होतं की समोरचे आवाज त्यांनी ऐकले होते.

मी सांगितलं. केव्हिनच्या आवाजात नाही. माझ्याच.

"जानेवारीत?" त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे मी फोनवर तिला ब्रेड विचारत होते तेव्हा ठरलेलं होतं."

"हो."

त्या फडकं पिळत राहिल्या. पाणी केव्हाच संपलं होतं. "मला वाटत होतं ते पोर तिला अडकवून ठेवतंय," त्या म्हणाल्या. "मी त्याला दाखवणार होते. पातेलं भरून दाखवणार होते! आणि ती बसून बघत होती मी काय काय दाखवते ते." मग कपाटात तोंड घालून, "इतकी वर्षं मी तिच्या घरी एक बटाटासुद्धा खाल्ला नाही. तिच्या पाण्यात उकडलेला. एखादा खाल्ला असता तर..."

"तर काय, आंटी?"

"तर काही नाही. मेले असते का? नाही. पण नाही खाल्ला. बरं केलं." आणि फडकं बादलीत आपटलं. "जा आता. मैदा घेऊन जा. आणि पैज लक्षात ठेव."

ऑशवाला जाऊया का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "कशाला? ती पुन्हा लव्हली म्हणेल."

मॉरीनचा फोन यायचा. आंटी उचलायच्या, "हां, फाइन, फाइन, ऑल गुड," असं म्हणायच्या, अगदी इतामारच्या चालीत, आणि ठेवायच्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात समोर एक जोडपं आलं. तरुण, हसरे, दारात बुटांचा ढीग, एक मांजर. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी आंटी मला लिफ्टमध्ये भेटल्या आणि त्यांनी भुवई वर केली. मग मी आईच्या रव्याच्या लाडवांचं ताट घेतलं आणि नवव्या मजल्यावर जाऊन दार वाजवलं.

मुलीने दार उघडलं. "वेलकम टू द बिल्डिंग," मी म्हणाले.

"ओ माय गॉड, धिस इज सो स्वीट!" तिने लाडू हुंगला. "आर यू अवर नेबर?"

"नाही, मी सहाव्या मजल्यावर."

"मग समोर कोण राहतं? आम्ही दोनदा वाजवलं, कोणी उघडलंच नाही."

मी वळून बघितलं. आंटींच्या दारातल्या भिंगाच्या मागे उजेड नव्हता. कोणीतरी अगदी चिकटून उभं असल्याशिवाय तिथला उजेड जात नाही.

"एक बाई राहतात," मी म्हणाले. "मी त्यांच्याशी पैज हरले, म्हणून मी आले."

ती हसली. काही तरी गंमत आहे असं तिला वाटलं असणार. मग थँक यू म्हणून तिने ताट आत नेलं, आणि ते मला परत द्यायला विसरली.